दोन नोकऱ्यांमधली फट

नोकरी शोधणाऱ्या माणसाचा दिवस एका टिंबाने सुरू होतो. नौकरी डॉट कॉमवर जायचं, आपल्या रेझ्युमे हेडलाइनच्या शेवटी एक टिंब टाकायचं आणि सेव्ह करायचं. दुसऱ्या दिवशी ते टिंब काढायचं आणि पुन्हा सेव्ह करायचं. एवढं केलं की प्रोफाइल ‘आज अपडेट झालेलं’ दिसतं आणि रिक्रूटरच्या यादीत वर सरकतं, अशी समस्त आयटीवाल्यांची श्रद्धा आहे. मला ही युक्ती माझ्याच टीममधल्या एका मुलाने सांगितली. तोही नोकरी शोधत होता. मी त्याची लीड, तो माझ्या हाताखाली, आणि कॅन्टीनमध्ये चहा घेताना आम्ही दोघं आपापले मोबाइल टेबलावर पालथे घालून बसायचो. कुणाला कुणाचा फोन येतोय ते न दिसलेलं बरं.

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. हिंजवडीला ऑफिस, वाकडला घर. चाळिशी नुकतीच मागे पडली. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी कॅम्पसमधून उचलली गेले ती आजपर्यंत नोकरीतच आहे. त्याआधीचा हिशोब मांडायचा तर मी लातूरची, आणि माझ्या पिढीत लातूरला जन्मून अभ्यासात बरं असणं म्हणजे काय असतं ते लातूर पॅटर्न ठाऊक असलेल्यांना सांगायला नको. दहावीनंतरची सुट्टी बारावीच्या क्लासमध्ये गेली, बारावीनंतरची सीईटीत. तेव्हापासून मोकळा, पुढे काहीच ठरलेलं नाही असा महिना माझ्या आयुष्यात आलेलाच नाही. बाळंतपणाची रजा मिळाली होती, पण तिला जो कुणी विश्रांती म्हणेल त्याने एकदा रात्री तीन वाजता रडणारं मूल खांद्यावर घेऊन फेऱ्या घालून बघाव्यात.

तर मी नोकरी का शोधत होते? मुलाखतीत हा प्रश्न हमखास येतो आणि त्याची उत्तरंही सगळ्यांची पाठ असतात. नवीन आव्हानं हवीत, शिकायला मिळावं, ग्रोथ. मीही तेच म्हणायचे. खरं तर माझी आहे त्या नोकरीबद्दल सांगण्यासारखी तक्रार नव्हती. मॅनेजर ठीक होता, पगार वेळेवर होता, काम डोळे मिटून करता येईल इतकं सवयीचं झालं होतं. मी फक्त दमले होते. रविवारी झोपून जाईल असा तो थकवा नव्हता. सोमवारच्या स्टँडअपमध्ये, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगमध्ये, ‘काल काय केलं, आज काय करणार’ हे सांगताना आपलाच आवाज दुसऱ्या कुणाचा तरी वाटावा, तसला होता.

बऱ्याच मुलाखती झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मला दुसरी नोकरी नकोच आहे. मला या नोकरीचा शेवटचा दिवस आणि त्या नोकरीचा पहिला दिवस यांच्यामध्ये जी फट असते, ती हवी आहे. चालू नोकरीत सलग दोन आठवड्यांची रजा मंजूर करून घ्यायची तर सहा महिने आधीपासून मशागत करावी लागते, आणि तीही ‘लॅपटॉप बरोबर ठेव गं, काही लागलं तर’ या बोलीवर मिळते. राजीनाम्यानंतर मात्र लॅपटॉप जमा होतो, मेल आयडी बंद पडतो, टीम्स या ऑफिसच्या चॅटवरचा तो हिरवा ठिपका विझतो. पगारदार माणसाच्या आयुष्यात आपल्यावर कुणाचाच हक्क नसलेला काळ एवढाच. माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांची लडाखची ट्रिप, डोळ्याचं ऑपरेशन, गावच्या वाटणीची कामं, सगळं या फटीत उरकलेलं आहे. एकाने तर मला सरळ सांगितलं, दर तीन वर्षांनी नोकरी बदलतो, कारण त्याशिवाय महिनाभर घरी बसायचं दुसरं निमित्तच नाही.

पण ही फटही आता बुजत चालली आहे, आणि ती बुजवण्याचं काम नोटीस पिरियड, म्हणजे राजीनाम्यानंतरही तिथेच काम करायची मुदत, करतो. आयटीत हा सहसा नव्वद दिवसांचा असतो. कुठल्या कायद्यात हे नव्वद दिवस लिहिलेले नाहीत, ते आपल्या नेमणूकपत्रात असतात आणि आपण बाविसाव्या वर्षी आनंदाच्या भरात त्यावर सही केलेली असते. आता गंमत अशी की प्रत्येक कंपनी आपल्या माणसाला नव्वद दिवस धरून ठेवते आणि घ्यायला मात्र तिला ‘इमीडिएट जॉइनर’ हवा असतो. नोकरीच्या साइटवर नोटीस पिरियडचे पर्याय असतात: पंधरा दिवस किंवा कमी, एक महिना, दोन महिने, तीन महिने, सध्या नोटीसवर. रिक्रूटर कमी दिवसांचे आणि नोटीसवरचे तेवढे निवडून घेतो. तीन महिनेवाले त्याला दिसतही नाहीत. म्हणून लोक काय करतात, हातात काही नसताना राजीनामा टाकतात. ‘सर्व्हिंग नोटीस’ झाले की फोन सुरू होतात. मग त्या तीन महिन्यांत एक ऑफर घ्यायची, ती दाखवून दुसरी वाढवून घ्यायची, ती दाखवून तिसरी. कंपन्यांनाही हे माहीत असतं, म्हणून त्या एका जागेसाठी दोघांना ऑफर देऊन ठेवतात, आणि जॉइनिंगच्या आदल्या दिवसापर्यंत दोन्ही बाजूंना धाकधूक. या सगळ्यात शुक्रवारी संध्याकाळी इथला लास्ट वर्किंग डे आणि सोमवारी सकाळी तिथलं इंडक्शन अशी वेळ येते. हातात उरतात शनिवार-रविवार, आणि त्यातला शनिवार कागदपत्रांच्या झेरॉक्स काढण्यात जातो.

फोनवरचे रिक्रूटर बिचारे स्वतःच कुठल्या तरी टार्गेटखाली असतात. करंट सीटीसी (म्हणजे वर्षाचं पॅकेज), एक्स्पेक्टेड सीटीसी, नोटीस पिरियड. या तीन प्रश्नांपलीकडे त्यांना माझ्याविषयी कुतूहल नसतं. मला जावा डेव्हलपरच्या जागेसाठी फोन आलेत, नोएडातल्या नाइट शिफ्टसाठी आलेत, आणि ‘मॅम, टेस्टिंग म्हणजे मेडिकल लॅबचं ना?’ असाही एक आलेला आहे.

मुलाखती मी ऑफिसच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये, गाडीत बसून द्यायचे. रेंज फक्त रॅम्पजवळच्या दोन-तीन जागांवर यायची, त्यामुळे मुलाखतीच्या दिवशी सकाळी लवकर जाऊन तिथली जागा धरावी लागे. एकदा बाजूच्या गाडीत काच वर करून, कानात बड्स घालून, लॅपटॉप स्टीअरिंगला टेकवून दुसऱ्या मजल्यावरचा एकजण बसलेला दिसला. आमची नजरानजर झाली आणि दोघांनीही ओळख दाखवली नाही.

पलीकडचा मुलाखत घेणारा बहुधा माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, कॅमेरा बंद. ‘सिव्हेरिटी आणि प्रायॉरिटी यांतला फरक उदाहरणासह सांगा.’ म्हणजे दोष किती गंभीर आणि दुरुस्ती किती तातडीची. टेस्टिंगवाल्यांना हा प्रश्न पहिल्या नोकरीपासून विचारला जातो आणि त्याचं उदाहरणही ठरलेलं आहे: होमपेजवर कंपनीच्याच नावाचं स्पेलिंग चुकलंय, तर दोष बारीक पण दुरुस्ती तातडीची. हजारो मुलाखतींत हजारो उमेदवारांनी हे स्पेलिंग चुकवलं असेल. मी स्वतः मुलाखती घेते तेव्हा हेच विचारते आणि हेच ऐकते. एकदा वैतागून मी वेगळं उदाहरण दिलं, आमच्याच जुन्या प्रोजेक्टमधलं, खरं घडलेलं. पलीकडे जरा वेळ शांतता. मग तो म्हणाला, ‘ओके, पण एखादं सोपं उदाहरण?’ मी स्पेलिंगवर आले. त्याला हायसं वाटलेलं मला ऐकू आलं.

मुलाखतीच्या फेऱ्या एल-वन, एल-टू, मॅनेजरियल, एचआर. चारही पायऱ्या चढून गेल्यावर कळतं की ‘पोझिशन होल्डवर गेलीय.’ किंवा काहीच कळत नाही. नकार आला तर माणूस चरफडून मोकळा तरी होतो, पण बहुतेक ठिकाणी नकार कळवण्याचेही कष्ट कुणी घेत नाही.

काळही वाईट निवडला होता मी. २०२२ च्या मध्यात इन्फोसिसमधलं माणसं सोडून जाण्याचं प्रमाण २८ टक्क्यांवर गेलं होतं, तेव्हा लोक ऑफर लेटरं खिशात घेऊन फिरत आणि कंपन्या विनवण्या करत. २०२५ च्या जुलैत टीसीएसने साधारण दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं, त्यातही मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतली. मधली फळी म्हणजे मीच की. आसपास लोकांच्या नोकऱ्या जात असताना मला विश्रांती हवी असं म्हणायची लाज वाटायची. अजूनही थोडी वाटते. पण ही लाज उपयोगाला येते ती कंपनीच्या, आपल्या नाही, एवढं मात्र मी आता स्वतःला सांगते.

अण्णांना हे सगळं समजावणं सर्वांत अवघड. माझे वडील पाटबंधारे खात्यात कारकून होते. सरकारी नोकराला वर्षाला तीस दिवस अर्जित रजा मिळते, पंधरा जानेवारीत जमा होते आणि पंधरा जुलैत. साठवता येते तीनशे दिवसांपर्यंत, आणि निवृत्तीच्या वेळी शिल्लक रजेचे पैसे मिळतात. अण्णांनी पूर्ण तीनशे दिवस साठवले. दहा महिन्यांचा पगार एकदम हातात आला आणि आमच्या घरावर दुसरा मजला चढला. तो मजला आला-गेला प्रत्येक पाहुणा बघतो आणि अण्णा सांगतात, ‘रजेचाय हा.’ त्यांना त्याचा अभिमान आहे आणि तो रास्तच आहे. फक्त मला त्या मजल्यावर झोपलं की कधी कधी वाटतं, यातली एक खोली कमी असती आणि लहानपणी मे महिन्यात अण्णा चार दिवस घरी दिसले असते, तर काय बिघडलं असतं?

मी नोकरी सोडून काही महिने बसायचा विचार बोलून दाखवला तेव्हा अण्णा म्हणाले, ‘चांगली चालायलेली नोकरी कशाला सोडायलीस? कुणी काही बोललं का हापिसात?’ कुणी काही बोललं नाही म्हटल्यावर त्यांना कळेचना. मग हळूच, ‘तब्येत बरी आहे नं?’ म्हणजे अपमान किंवा आजार. काम थांबवायला त्यांच्या लेखी ही दोनच कारणं.

त्यांच्या वडिलांच्या घरात मात्र तिसरं कारण होतं. औशाजवळच्या आमच्या गावी आजोबांकडे बैलजोडी होती. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असायची. बैलांना धुवून, जू बसून बसून घट्टे पडलेली खांद्याची जागा गरम पाण्याने शेकायची आणि तिथे तूप-हळद चोळायची. आजोबा ते काम दुसऱ्या कुणाला करू देत नसत. चोळता चोळता बैलाच्या कानाशी जाऊन म्हणायचे, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.’ मराठवाड्यात घरोघरी हेच शब्द. दुसऱ्या दिवशी जू नाही, नांगर नाही, पुरणपोळीचा घास. लहानपणी मला त्या अहोजाहोची फार गंमत वाटायची. आता पोर्टलवर रजेचा अर्ज भरताना ‘रीझन’ची चौकट आली की ते आवतण आठवतं. बैलाला सुट्टीचं रीतसर निमंत्रण होतं, तेही आदल्या दिवशी, आणि त्याने अर्ज केलेला नव्हता.

उगीच जुन्या काळाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. त्याच बैलांकडून वर्षभर काय काम घेतलं जायचं तेही मी पाहिलंय. आणि माणसांना तर आठवड्याची सुट्टीसुद्धा भांडून घ्यावी लागली. नारायण मेघाजी लोखंडे हे नाव कामगार चळवळीच्या बाहेर फारसं घेतलं जात नाही, पण आपण जो रविवार हक्काने लोळून काढतो तो त्यांच्यामुळे मिळालेला आहे. ते सत्यशोधक, ‘दीनबंधू’चे संपादक. १८८४ साली त्यांनी मुंबईतल्या गिरणी कामगारांच्या साडेपाच हजार सह्यांचं निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे ठेवलं. मागण्या काय होत्या? रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, कामावर जखमी झाल्यास भरपाई. पुढे १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीला दहा हजार कामगारांची सभा झाली, तीत दोन कामगार बायकाही बोलल्या. १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवारच का, तर तो खंडोबाचा वार, असं लोखंडे सांगत, असं म्हणतात.

मला त्यातला दुपारचा अर्धा तास सर्वांत आवडतो. अंगठे उठवणाऱ्या माणसांनी सरकारच्या आयोगाला स्वच्छ कळवलं की आम्हाला मध्ये बसायला वेळ हवा. ग्रोथसाठी नाही, उत्पादन वाढावं म्हणून नाही. आणि मी, चांगली शिकलेली, दोन क्रेडिट कार्डं बाळगणारी बाई, मुलाखतीत ‘मला जरा बसायचंय’ म्हणू शकत नव्हते.

लोखंड्यांच्या रविवारचा माग मला अचानक एका ठिकाणी लागला. ग्रॅच्युइटी किती मिळेल ते काढत होते. सूत्र असं आहे: शेवटचा पगार गुणिले पंधरा गुणिले नोकरीची वर्षं, भागिले सव्वीस. सव्वीस का? कारण कायद्याने महिना सव्वीस दिवसांचा धरला आहे, चार साप्ताहिक सुट्ट्या वगळून. भागाकार तिसाऐवजी लहान आकड्याने होतो, म्हणून रक्कम थोडी वाढते. त्या गिरणी कामगारांनी मिळवलेल्या सुट्टीमुळे माझ्या ग्रॅच्युइटीत भर पडते आहे, हे बघून मला त्या एक्सेल शीटसमोर बसून उगाच भरून आलं. दमलेल्या माणसाला कशानेही भरून येतं म्हणा.

बाकी वरच्या मंडळींचा कल कुठे आहे ते आपण ऐकतोच. २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला सत्तर तास सुचवले, २०२५ च्या जानेवारीत एल अँड टीच्या अध्यक्षांनी ते नव्वदवर नेले. उलट दिशेने सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत एक खासगी विधेयक मांडलं होतं, कामाच्या वेळेनंतर ऑफिसचा फोन किंवा मेल न उचलण्याचा हक्क मागणारं. खासगी विधेयकाचा कायदा शेवटचा झाला तो १९७० साली, त्यामुळे त्याचं काय होणार हे उघड होतं. ती बातमी आमच्या टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी टाकली. रात्री साडेअकराला. मॅनेजरने हसरा चेहरा टाकला आणि खालीच उद्याच्या रिलीजची यादी.

समजा इतकं सगळं करून एखाद्याने घेतलाच ब्रेक. त्यानंतर काय होतं ते मी मावसभावाच्या बाबतीत पाहिलं. वडिलांच्या आजारपणानंतर तो वर्षभर घरी होता. मावशीला आधार आणि स्वतःलाही सावरायचं, अशा दोन्ही कारणांनी. नंतर नोकरी लागली, तर नव्या कंपनीने गॅप ॲफिडेव्हिट, म्हणजे मधल्या खंडाचं प्रतिज्ञापत्र, मागितलं. मी त्याच्याबरोबर शिवाजीनगरला कोर्टाबाहेर गेले होते. आधी मुद्रांक घ्यायचा. ऑक्टोबर २०२४ पासून शंभरचा चालत नाही, पाचशेचा लागतो. मग टायपिंगवाला. त्याच्याकडे मजकूर तयार असतो, फक्त नाव, वय आणि तारखा बदलायच्या. ‘सदर कालावधीत मी घरीच होतो, कोठेही नोकरी करीत नव्हतो व कोणत्याही बेकायदेशीर कृत्यात माझा सहभाग नव्हता. वरील मजकूर खरा असून खोटा आढळल्यास मी कायदेशीर कारवाईस पात्र राहीन.’ भाऊ म्हणाला, वडील आजारी होते हे लिहायचं का? टायपिंगवाला मान वर न करता म्हणाला, ‘कारण कोण वाचत नाही साहेब. घरी होता ना? बास.’ नोटरीने शिक्का मारला. एका माणसाने वर्षभर आपल्या आईजवळ राहिल्याबद्दल गुन्हा केला नाही, याला पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर साक्ष झाली.

लिंक्डइनने २०२२ मध्ये प्रोफाइलमध्ये ‘करिअर ब्रेक’ची सोय केली. कारणांची यादीच आहे तिथे: पालकत्व, घरच्यांची शुश्रूषा, शोक, प्रवास, आरोग्य, स्वयंसेवा वगैरे. यादी मायाळू आहे, पण ‘काही नाही, थांबले होते’ असा पर्याय तीतही सापडत नाही. शिवाय बाईचा गॅप असला की ती यादी उघडायचीही गरज पडत नाही. लोक आपल्या मनाने मूल चिकटवून मोकळे होतात. माझा मुलगा नववीत आहे हे ऐकल्यावर एका एचआरने विचारलं होतं, ‘मग आता ब्रेक कशाला, मॅम?’

अखेर मला एक ऑफर आली. बरी कंपनी, बरं काम. राजीनामा दिला, नोटीस भरत आली आणि जॉइनिंगच्या तारखेचा फोन आला. ‘मॅम, तुमचा लास्ट वर्किंग डे शुक्रवारी आहे, तर आपण सोमवार धरू.’ मी म्हटलं, मला मध्ये सहा आठवडे हवेत. पलीकडची मुलगी तरुण होती, आवाज गोड होता. ‘घरात लग्न आहे का?’ नाही. ‘ट्रॅव्हल प्लॅन?’ नाही. ‘मॅम, काही मेडिकल इश्यू असेल तर सांगा, कॉन्फिडेन्शियल राहील.’ लग्न म्हटलं असतं तर विषय मिटला असता, लग्नाला या देशात कुणी नाही म्हणत नाही. पण त्या दिवशी कुठून बळ आलं कोण जाणे, मी म्हटलं, ‘काही नाही हो, घरी बसणार आहे.’ ती गप्प. मग म्हणाली, ‘मी बिझनेसला विचारून सांगते.’ हे बिझनेस नावाचे गृहस्थ मला आजवर भेटलेले नाहीत. त्यांनी तीन आठवडे मंजूर केले.

त्या तीन आठवड्यांचं वर्णन करण्यासारखं काही नाही. पहिले काही दिवस मी झोपले. स्टँडअपच्या वेळेला जाग यायची आणि छातीत धडधडायचं. स्वयंपाकाच्या मावशींनी दोन दिवस वाट पाहिली आणि मग विचारलं, ‘ताई, बरं नाही का?’ सोसायटीच्या वॉचमनने विचारलं, ‘मॅडम, वर्क फ्रॉम होम?’ मी दोघांनाही हो म्हटलं. हात सवयीने मोबाइलकडे जायचा, आणि एकदा तर मी चक्क प्रोफाइल उघडून ते टिंब टाकलं, सेव्हही केलं. लातूरला जाऊन आले. अण्णांनी शेजाऱ्यांना सांगून ठेवलं होतं, ‘मोठ्या पोस्टवर चाललीय, मधली सुट्टी दिलीय कंपनीनं.’ मी दुरुस्ती केली नाही.

तिसऱ्या आठवड्यात कुठे जरा बरं वाटायला लागलं आणि जॉइनिंगची मेल आली. तेव्हा एक गोष्ट कळली. तीन आठवड्यांत फक्त नोकरी शोधण्याचा शीण जातो. आधीच्या इतक्या वर्षांचा जो आहे, त्याला त्यांनी हातही लावला नव्हता.

म्हणून आता नवरा आणि मी वेगळ्याच तयारीला लागलो आहोत. तो चाकणला एका सुट्या भागांच्या कारखान्यात आहे, त्याचा आठवडा सहा दिवसांचा, त्यामुळे त्याचा शीण माझ्याहून ज्येष्ठ आहे. बँकेत एक वेगळी रिकरिंग उघडली आहे. घराचा हप्ता, मुलाची फी, घरखर्च, गुणिले सहा महिने, हे तिचं उद्दिष्ट. त्याहून महत्त्वाचं म्हणजे स्वतःचा मेडिक्लेम काढला. ऑफिसचा ग्रुप इन्शुरन्स सर्वसाधारणपणे शेवटच्या दिवशी संपतो आणि त्यावर अवलंबून असलेले आईवडील त्याच संध्याकाळी उघडे पडतात, हे ब्रेकची स्वप्नं बघताना कुणी सांगत नाही. स्वतःच्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, तेव्हा राजीनाम्याच्या बऱ्याच आधी ती चालू असलेली बरी. अण्णांची शुगर मी रीतसर लिहून दिली, प्रीमियम वाढला, वाढू दे. पीएफला हात लावायचा नाही असंही ठरलंय.

एवढं सगळं जमलं, तरी दोघांनी एकदम घरी बसणं परवडणार नाही. एकाने बसायचं आणि दुसऱ्याने हप्ता भरायचा. पहिला नंबर कुणाचा यावर अजून एकमत झालेलं नाही. त्याचं म्हणणं, मला तीन आठवडे मिळालेत, ते धरायचे. मी म्हणते, ते धरायचे असतील तर त्याची कावीळ पण धरायची, चांगला महिनाभर पडून होता, वर मी पपई चिरून देत होते. मुलगा म्हणतो, दहावी झाली की पहिला नंबर माझा. त्याने अकरावीच्या क्लासची चौकशी करू नका असं आत्ताच बजावलंय, आणि आम्ही दोघांनीही तोंडदेखलं हो म्हटलंय.